अण्णांची पद्मिनी की सेकंडहँड टीटी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची, म्हणजे अण्णांची, १९८४ची प्रीमियर पद्मिनी साताऱ्याच्या घराशेजारी शेडमध्ये उभी आहे. अण्णा गेले त्याला ११ वर्षं झाली, तेव्हापासून ती हललेली नाही. तुम्ही पुण्यात, नोकरी हिंजवडीला, मुलगी ७ वर्षांची, रोजच्या वापराला एक हॅचबॅक आहे. हाताशी ३०-३५ लाख जमलेत आणि २०१६ची एक ऑडी टीटी, म्हणजे दोन दारांची स्पोर्ट्स गाडी (कूपे), २८ लाखांना मिळतेय. पद्मिनी विकून टीटी घ्यावी की पद्मिनीच नव्यासारखी करून घ्यावी, हे परफॉर्मन्स, मेंटेनन्स आणि व्हॅल्यू या तीन बाबतींत तुलना करून सांगा, असं तुम्ही विचारलंत. शेवटी एक ओळ जोडलीत: "बायको म्हणते दोन्ही नको." त्या ओळीकडे नंतर येतो.

मी १९८८ साली कुर्ल्याच्या एका गॅरेजात पाने पुसायला लागलो. पद्मिनी जिथे बनायची तो कारखाना तिथून फार लांब नव्हता आणि आमच्या दारात सकाळी सहापासून टॅक्सीवाल्यांची रांग असायची. पुढे पुण्यात स्वतःचं गॅरेज टाकलं. आज निम्मं काम जुन्या फियाट-ॲम्बॅसिडरचं (पद्मिनीला आम्ही फियाटच म्हणतो) आणि निम्मं नव्या गाड्यांचं आहे. स्कॅनर मुलगा लावतो, कार्बोरेटर मी उघडतो. घरी माझी स्वतःची १९७८ची पद्मिनी आहे, त्यामुळे माझा कल कुणीकडे असेल हे आधीच समजून घ्या आणि तेवढी वजावट करून पुढचं वाचा.

तुम्ही मागितलेली तुलना एका दमात संपते. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती, वजन ९०० किलोच्या आसपास, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तुमच्या टीटीचं इंजिन २ लिटरचं टर्बो, २३० अश्वशक्ती, चारही चाकांना ओढ, ५.३ सेकंदांत १०० किमीचा वेग. पद्मिनीच्या त्या सेकंदांबद्दल विचारू नका, आम्ही कधी मोजायला घेतले नाहीत. टायरची रुंदी पाहा: पद्मिनीचा टायर ५.२० इंची, म्हणजे जेमतेम १३२ मिलिमीटर, आणि टीटीचा २४५. वेग, पकड, ब्रेक, सुरक्षितता, एसी, आवाज, सगळ्यात टीटी वरचढ आहे. ५० वर्षांत मोटारी बनवण्याचं शास्त्र पुढे गेलं नसतं तरच नवल होतं. हा तक्ता तुम्ही स्वतःही मांडू शकला असता, तरी तुमचा प्रश्न सुटला नसता.

कारण 'पद्मिनी विकून टीटी' हा हिशेबच मुळात बसत नाही. ११ वर्षं उभ्या, न चालणाऱ्या पद्मिनीचे लाखभर आले तरी पुष्कळ म्हणायचे. तेवढ्यात टीटीचे चार टायर येतील. म्हणजे टीटी घेण्यासाठी पद्मिनी विकायची काही गरज नाही आणि पद्मिनी ठेवली म्हणून टीटी परवडायची राहतेय असंही नाही. पैशाच्या बाबतीत या दोन गाड्या एकमेकींच्या आड येतच नाहीत. त्या आड येतात तुमच्या रविवारच्या आणि पार्किंगच्या जागेच्या. तेव्हा तुमचा प्रश्न मी असा धरतो: आठवड्यातून जे चार-पाच तास तुम्ही हौसेला देऊ शकता, ते कोणत्या गाडीपाशी घालवले तर तुम्हाला समाधान मिळेल?

याचं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथे बसून दिसत नाहीत. शेडचं छत गळकं आहे का, जमीन मातीची आहे की फरशीची, यावर पद्मिनीचा पत्रा किती उरलाय ते ठरेल. पुण्यातल्या सोसायटीत झाकलेलं पार्किंग एक आहे की दोन? आणि हात काळे करायची तुम्हाला खरंच आवड आहे का? नसली तर त्यात कमीपणा काही नाही. पण मग जुनी गाडी म्हणजे दर महिन्याला दुसऱ्याच्या गॅरेजात जाऊन चहा पीत बसणं. माझा चहा चांगला असतो, तरी सांगतो.

आता गाडी चालवण्याच्या आनंदाबद्दल. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाची जर्मन कूपे दुरुस्त करून झाल्यावर ट्रायलला कात्रजच्या जुन्या घाटात नेली. त्याच दिवशी संध्याकाळी माझी पद्मिनी घेऊन त्याच रस्त्याने शिवापूरला गेलो. कूपेत वळण यायचं आणि जायचं, गाडीला काही वाटायचं नाही. पायाखाली नुसती ताकद दबून बसलेली. ती थोडीशी मोकळी करावी तर पुढे उसाचा ट्रॅक्टर नाहीतर स्कूटरवरचं कुटुंब. पद्मिनीत तेच वळण ४५ला घेतलं की बॉडी एका अंगाला कलते, बाकासारख्या सीटवर आपण सरकतो, टायर कुरकुरतात. स्टिअरिंगमध्ये बोटभर मोकळीक असते ती आधी घ्यायची, मग चाक वळतं. हँड गिअर, म्हणजे स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा, तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना मनगटाची एक लकब लागते, ती चुकली की गाडी कुरकुर करून सांगते. वळण पार झालं की आपण काहीतरी केलं असं वाटतं.

हा काही जुन्याचा मोह नाही. प्रत्येक गाडीला एक हद्द असते आणि चालवण्याची खरी गंमत त्या हद्दीच्या जवळपास येते. पद्मिनीची हद्द ५० किमीला सापडते, कायद्यात बसून, कात्रजच्या घाटात. टीटीची हद्द आपल्याकडे कुठे गाठणार? एक्सप्रेसवेवर मर्यादा १०० आणि वर कॅमेरे. म्हणजे ५.३ सेकंद संपले की खेळ संपला, पुढे दंडाची पावती. समृद्धीवर १२० आहे, पण तो रस्ता सरळसोट आहे आणि टीटीची मजा वळणात आहे. ज्यांनी टीटी घेतली आणि जे खूश आहेत असे लोक मला माहीत आहेत. ते एकतर पहाटे पाचला उठून लवासाच्या नाहीतर महाबळेश्वरच्या रस्त्याला जाणारे आहेत, किंवा ट्रॅक-डेसाठी गाडी कोइंबतूरच्या नाहीतर चेन्नईजवळच्या ट्रॅकवर पोचवणारे. तुम्ही यातले असाल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि टीटी घ्या. नुसतीच ती दारात उभी असताना सुंदर दिसते म्हणून घेणार असाल तर तेही कारण आहे, पण मग ते स्वतःशी तरी कबूल करा.

मात्र पद्मिनीची हद्द जवळ असते याची दुसरी बाजू ब्रेकमध्ये आहे आणि तिथे हसण्यासारखं काही नाही.

१९९४च्या मे महिन्यात एका गिऱ्हाइकाची फियाट मी महाबळेश्वरहून आणत होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान. पाचगणी सोडून पसरणी घाटाला लागलो. तरुण होतो, गप्पांच्या नादात गाडी तिसऱ्यात ठेवली आणि पाय ब्रेकवर. निम्मा घाट उतरल्यावर लायनर जळाल्याचा वास आला आणि पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं. दुसरा टाकला, हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. कुणाला लागलं नाही. चूक सगळी माझी होती, गाडीची नव्हती. ड्रम ब्रेकमध्ये उष्णता आतच कोंडते. ड्रम तापून फुगतो, त्याला आतून दाबणाऱ्या शूपासून दूर जातो आणि तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. डिस्क उघडी असते, तिला वारा लागतो. वेग ४०चा ८० झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून जुने ड्रायव्हर एक नियम पाळायचे: ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. माझ्याकडून पद्मिनी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो, चावी नंतर देतो.

मुलीचा विचार करताय म्हणून स्पष्ट लिहितो. १९८४च्या पद्मिनीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, सीटला हेडरेस्ट नाही, बहुधा बेल्टही नसतील, कारण पुढच्या सीटला बेल्ट सक्तीचे झाले ते १९९४पासून. बेल्ट नंतर बसवता येतात, पण पत्रा शाबूत असलेल्या जागी, आतून पट्टी देऊन, जाणत्या माणसाकडून. सडलेल्या पत्र्यात मारलेला बोल्ट धक्क्याला उपटून येतो. मुलीला घेऊन सकाळी सकाळी गावातल्या गावात एक फेरी ठीक आहे. तिला घेऊन हायवेने सातारा-पुणे करू नका. टीटीत एबीएस, एअरबॅग, सगळं आहे. पण मागची सीट नावापुरती: १.४५ मीटरपेक्षा उंच माणसाने तिथे बसू नये असं कंपनीच सांगते. तुमची मुलगी चाइल्ड सीट लावून अजून चार-पाच वर्षं तिथे मावेल. तुमच्या आईला मात्र पुढच्या सीटवर बसवून पाहा. बसणं जमेल, उठताना दोघांना हात द्यावा लागेल. पद्मिनीत नऊवारीतली बाई ताठ बसते आणि ताठ उतरते. तुलनेच्या तक्त्यात हा रकाना कुणी टाकत नाही, घरात मात्र तोच चालतो.

आता मेंटेनन्स. लोक म्हणतात, जुनी गाडी सारखी बिघडते आणि नवी बिघडत नाही. हे अर्धं खरं आहे. जुनी बिघडायच्या आधी बोलते. प्लगच्या ठिणगीचा पॉइंट खराब झाला की गाडी फटफट करते, पाण्याचा पंप जायला आला की वॉशरमधून थेंब पडतो, बेअरिंग गुणगुणतं. डिकीत एक पॉइंट सेट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, दोन प्लग, ब्रेक ऑइलची बाटली आणि पाच लिटर पाणी ठेवलं की बहुतेक वेळा माणूस घरी पोचतो. मोडलं तर वाईचा कुणी साठीचा मिस्त्रीही ती चालू करून देईल. अडचण एवढीच, की असे मिस्त्री दरवर्षी कमी होत चाललेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तिच्याबरोबर तिच्यावर पोट असलेले हातही दुसऱ्या कामाला लागले. इंजिनचे आणि ब्रेकचे पार्ट नाना पेठेत किंवा मुंबईत अजून मिळतात, कारण टॅक्सीमुळे माल भरपूर बनला होता. क्रोमच्या पट्ट्या, हेडलाइटच्या रिंगा, मूळचे मीटर, काचांची बीडिंग यांसाठी मात्र शोध घ्यावा लागतो.

नवी कूपे गप्प असते आणि एक दिवस दिवा लावते. तो दिवा काय म्हणतो ते वाचायला स्कॅनर लागतो, आणि वाचून झालं तरी सुटा वॉशर मिळत नाही, आख्खी असेंब्ली घ्यावी लागते. टीटीचा डबल क्लच गिअरबॉक्स रस्त्यावर अप्रतिम आहे, पण त्याचं तेल आणि फिल्टर साधारण ६०,००० किमीला बदललेच पाहिजेत, आणि हिंजवडीच्या गर्दीत इंचाइंचाने सरकताना क्लच घसरत राहतात, तेल तापतं. तुम्ही ही गाडी ऑफिसला नेणार असाल तर सहा महिन्यांत तिचा कंटाळा येईल. टीटी बनवणं कंपनीने २०२३ अखेर थांबवलं. सर्व्हिसचा माल मिळत राहील, पण बंपर, हेडलाइट, काच अशा वस्तू बाहेरून मागवायच्या म्हणजे वाट पाहणं आलंच.

उभं राहणं मात्र दोघींनाही सोसत नाही. एका गिऱ्हाइकाची परदेशी कूपे तो अमेरिकेत असताना तीन महिने बेसमेंटमध्ये उभी होती. बॅटरी संपली, नवी बॅटरी घातल्यावर डॅशबोर्डवर दिवाळी, आणि सगळं पूर्ववत करायला दोन दिवस गेले. माझ्या पद्मिनीची बॅटरी मी गावाला जाताना काढून ठेवतो, आलो की लावतो, चोक ओढतो, निघतो.

टीटी पाहायला जाणार असाल तर गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. पहिल्या थंड स्टार्टचा आवाज ऐकायचाच. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे पाहा: '२३१६' म्हणजे २०१६च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, तो नक्षी कितीही ताजी दिसली तरी म्हातारा आहे. चारही टायर एकाच जातीचे हवेत, नाहीतर चार चाकांच्या ओढीवर ताण येतो. गिअरबॉक्सच्या तेलाची पावती मागा. नुसतं 'फुल सर्व्हिस हिस्टरी' या शब्दांवर जाऊ नका. स्कॅनर लावून घ्या, आणि एकही फॉल्ट नसला तर तो आजच पुसलाय का तेही बघायला सांगा, जाणत्याला ते कळतं. आणि गालिचा उचला. जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्याला एकता नगरीत घरांत पाणी शिरलं होतं, तशा पाण्यात राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालची बारीक माती लपत नाही.

पद्मिनीकडे वळू. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण बहुतेक लोक पहिल्याच दिवशी गाडीचा जीव घेतात. उत्साहात नवी बॅटरी नेतात, किल्ली फिरवतात, इंजिन चालू झालं की व्हिडिओ काढतात. ११ वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल उतरलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. स्टार्टरच्या जोराने त्या तुटतात नाहीतर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात, आणि दहा हजारांत होणारं काम लाखावर जातं. म्हणून आधी चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे पातळ तेल सोडायचं आणि दोन दिवस काही करायचं नाही. मग इंजिन हाताने, हळू, थोडं पुढे-मागे फिरवायचं. अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा तेल, पुन्हा वाट. फिरलं तर जुनं ऑइल काढून नवं भरायचं, टाकी उतरवून धुवायची, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलायचे, कार्बोरेटर उघडून साफ करायचा. उंदरांनी वायरिंग खाल्लंय का ते पाहिल्याशिवाय बॅटरी लावायची नाही.

इंजिन चालू होण्याच्याही आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर उघडा, किट बदला, पाइप बदला. गाडी चालायला लागण्यापेक्षा थांबायला लागणं महत्त्वाचं. टायर बदलायचेच, त्यात चर्चा नाही.

पत्रा सगळ्यात शेवटी पाहतात, खरं तर सगळ्यात आधी पाहायला हवा. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. दाराखालच्या पट्ट्या, पायाखालचा फ्लोअर आणि मागच्या पाट्यांचे जोड सडले असतील तर गाडीचा कणाच गेला. खिशात लोहचुंबक घेऊन जा आणि दाराच्या खालच्या भागावर फिरवा. चिकटला तर पत्रा, घसरला तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. फ्लोअरच्या मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण आवाज आला तर देव पावला, भुसभुशीत आला तर मला फोटो पाठवा.

आणखी एक गोष्ट अण्णांच्या काळी नव्हती, ती म्हणजे पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं नाहीतर तडकतं: पेट्रोल पंपाचा पडदा, पाइप, सील, सगळं इथेनॉल सोसणारं घालायला लागतं. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक ठरलेलं असतं, म्हणून त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात हवा जास्त होते, गाडी जास्त तापते आणि चढाला दम सोडते. पुण्याहून जाताना खंबाटकीच्या चढाला वाफा काढत उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. जेट एक नंबर मोठा करून, रेडिएटर साफ करून आणि टायमिंग नीट लावून हे बरंच आटोक्यात येतं. टीटीला ही चिंता कमी. तिचा कंप्युटर मिश्रण स्वतः जुळवतो. तरी टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काय लिहिलंय ते वाचून घ्या.

कागदांची बाजू थोडक्यात. १९८४ची नोंदणी १९९९ला संपली, मग पाच-पाच वर्षांनी वाढवली असणार, आणि २०१४ नंतरची वाढ राहिली असेल. आधी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मग नोंदणी वाढवायला फॉर्म २५, आरटीओत प्रत्यक्ष तपासणी आणि पर्यावरण कर. नोंदणी वाढवण्याचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, २०२२पासून ५,००० झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना त्यानंतर आणखी वाढलं, तेव्हा जायच्या आधी आजचा आकडा आरटीओत विचारा. 'व्हिंटेज' नोंदणीच्या मागे लागू नका. २०२१च्या नियमानुसार ती ५० वर्षांवरच्या गाडीला मिळते, तुमची त्या वयाला २०३४मध्ये पोचेल, आणि ती पाटी लागली की रोजच्या रस्त्यावर गाडी चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कामांना बाहेर काढायची मुभा असते.

'व्हॅल्यू' या शब्दाबद्दल माझं मत जरा कडू आहे. टीटी २०१५मध्ये आपल्याकडे आली तेव्हा ६० लाखांच्या घरात होती, ती आता तुम्हाला २८ला मिळतेय आणि पुढेही उतरणार. पद्मिनीची किंमत उतरायची ती उतरून गेली, पण तिच्यात घातलेला पैसा परत येईल या भ्रमात राहू नका. डेंटिंग-पेंटिंग, इंजिन, वायरिंग, सीट सगळं नीट करायचं तर माझ्या गॅरेजात आज पाच-सहा लाखांच्या खाली जमत नाही, आणि पत्रा उघडल्यावर पहिल्या अंदाजाच्या दीडपट झालं तर मला धक्का बसत नाही. तशी गाडी विकायला काढलीत तर निम्मे आले तरी गिऱ्हाईक चांगलं म्हणायचं. दोन्ही गाड्या गुंतवणूक नाहीत. एकीत पैसा दर महिन्याला थोडा थोडा जातो, दुसरीत उभी असतानाही जातो.

आता वहिनींच्या ओळीकडे येतो. त्या 'दोन्ही नको' म्हणतात ते बहुधा पैशासाठी नाही. त्यांना दिसतंय की एक गाडी साताऱ्याला धूळ खात पडलीय आणि तुम्ही दुसरी आणायच्या गोष्टी करताय. अशी वाक्यं मी गिऱ्हाइकांच्या घरून पुष्कळ ऐकली आहेत आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघालं आहे.

म्हणून माझा सल्ला असा. पद्मिनी विकू नका आणि नव्यासारखीही करू नका. फक्त चालती करा. पत्रा शाबूत निघाला तर ब्रेक, टायर, पेट्रोलची लाइन, वायरिंग आणि कागद एवढंच, दीड-दोन लाखांत बसवा. रंग गेलेला असू दे. ती वर्षभर चालवा: वाईपर्यंत, मेणवलीपर्यंत, सकाळच्या गारव्यात, त्रिकोणी काच उघडून वारा अंगावर घेत. वर्षभरात तुम्ही २० वेळा तिला बाहेर काढलंत तर मग पुढच्या चार लाखांचं बोलू. दोनदाच काढलीत तर ज्याला आवड आहे अशा माणसाला देऊन टाका, आणि चालू गाडीला बंद गाडीपेक्षा बरे पैसे मिळतील. टीटीचं त्यानंतर ठरवा. पैसे तोवर बँकेत राहतील, आणि २०१६ची टीटी वर्षाने महाग झालेली नसेल. पत्रा सडका निघाला तर मात्र माझा सल्ला उलटा होतो: इंजिन, मीटर, दाराची हँडलं हौशी लोकांना द्या, नोंदणी रीतसर रद्द करा आणि मन मोकळं करून टीटीची ट्रायल घ्या.

येत्या शनिवारी साताऱ्याला जाणार म्हणालात. बॅटरी नेऊ नका. टॉर्च, लोहचुंबक आणि प्लगपाना न्या. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलऐवजी व्हार्निशसारखा वास आला तर टाकी उतरवावीच लागेल. मग मॅट उचलून फ्लोअरचे आणि दाराखालच्या पट्ट्यांचे फोटो काढा, लांबून नकोत, हातभर अंतरावरून. ते इथे टाकलेत की पुढचं सांगतो.